पेट्रार्कपर्यंत प्लेटो कोणत्या वाटेने पोचला

पेट्रार्कच्या घरी प्लेटोचे ग्रीक ग्रंथ होते. सोळा किंवा त्याहून जास्त, असं तो स्वतःच लिहून ठेवतो. आणि ते त्याला वाचता येत नव्हते. प्लेटो आणि इटालियन कवी फ्रांचेस्को पेट्रार्क (१३०४–१३७४) यांच्या नात्याचा विचार करताना आधी एवढं पक्कं ध्यानात घ्यावं, कारण या विषयावरचं निम्मं लेखन इथेच घसरतं. पेट्रार्क पहिला मानवतावादी, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन ग्रंथांच्या अभ्यासाकडे वळलेला, त्याच्याकडे प्लेटो होता, त्याच्या कवितेत आत्मा आणि सौंदर्य आहे, म्हणजे त्याने प्लेटोचे ‘सिंपोझियम’ आणि ‘रिपब्लिक’ हे संवाद वाचले असणार, असा तर्क फार सहज केला जातो. त्याने ते वाचले नव्हते. वाचणं शक्यच नव्हतं.

मग प्रभाव खोटा का? मुळीच नाही. तो खूप खोल आहे, पण आडवाटेने आलेला आहे. कोणत्या हातांतून आला हे शोधलं की पेट्रार्कचा प्लेटो असा का दिसतो, त्यात राज्यशास्त्र जवळजवळ का नाही आणि मृत्यू, आत्मा, वासना एवढंच ठळक का आहे, याचा उलगडा होतो. ही वाट कशी शोधायची ते इथे मांडतो आहे.

सुरुवात पुस्तकांच्या हिशोबापासून करू. पेट्रार्कच्या हयातीत, म्हणजे १३७४ पर्यंत, पश्चिम युरोपात लॅटिनमध्ये प्लेटो किती होता? अगदी थोडा. चौथ्या शतकातल्या कॅल्सिडियसने केलेला ‘टिमेयस’चा अनुवाद सगळ्यांत प्रसिद्ध, पण तो अर्धवट. प्लेटोचे संदर्भ आजही आंरी एस्तिएनने १५७८ साली काढलेल्या आवृत्तीच्या पानांनुसार देतात. त्या मोजणीत ‘टिमेयस’ १७ ते ९२ या पानांवर आहे आणि कॅल्सिडियस ५३क-च्या आसपास थांबतो. (पानांचे भाग दाखवणारी रोमन अक्षरं मी अ, ब, क, ड, इ अशी लिहितो आहे.) याच संवादाचा एक तुकडा रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोनेही लॅटिनमध्ये आणला होता. त्याशिवाय सिसिलीत कातानियाचा आर्चडीकन हेन्रिकस अरिस्टिपस याने बाराव्या शतकाच्या मध्यावर ‘मेनो’ आणि ‘फीडो’ यांचे शब्दाला शब्द ठेवणारे, वाचायला जड असे अनुवाद केले. ‘पार्मेनिडीस’चा काही भाग तेराव्या शतकात मोर्बेकेच्या विल्यमने प्लेटोपंथी प्रोक्लसच्या भाष्याबरोबर लॅटिनमध्ये आणला. बस्स. ‘रिपब्लिक’ लॅटिनमध्ये आलं १४०२ च्या सुमारास, मानुएल क्रिसोलोरास आणि उबेर्तो देचेम्ब्रियो यांच्या हातून. ‘गॉर्जियस’ १४०९ मध्ये लिओनार्दो ब्रूनीकडून. ‘सिंपोझियम’ संपूर्ण मिळायला फ्लॉरेन्सचा तत्त्वज्ञ मार्सिलिओ फिचिनो याची वाट पाहावी लागली. त्याचा सगळा प्लेटो छापून आला १४८४ मध्ये.

हा हिशोब जवळ ठेवला की पुष्कळ दावे तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत. कुणी पेट्रार्कच्या एखाद्या ओळीमागे ‘रिपब्लिक’मधली गुहा (सावल्यांनाच सत्य मानणाऱ्या बंदिवानांची) दाखवली, तर पहिला प्रश्न हाच: ती त्याला कोणत्या लॅटिन पुस्तकात भेटली? पुस्तक सांगता आलं नाही तर साम्य नुसतं साम्यच राहतं.

त्याच्याकडच्या दोन लॅटिन प्रती आज पॅरिसला फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. कॅल्सिडियसचा ‘टिमेयस’ लॅटिन ६२८० या क्रमांकाखाली आणि अरिस्टिपसचा ‘फीडो’ लॅटिन ६५६७ए या क्रमांकाखाली. समासात टिपा लिहायची पेट्रार्कला जन्मभराची सवय होती आणि त्याच्याबद्दल काही ठाम सांगण्यासाठी यापेक्षा चांगला पुरावा नाही. पुस्तक घरात असणं ही एक पायरी, समासात त्याच्या हातची टीप असणं ही दुसरी, आणि त्या टिपेतला विचार त्याच्या स्वतःच्या लेखनात उमटणं ही तिसरी. या तिन्ही वेगवेगळ्या धरायच्या. पहिलीवरून थेट तिसरीवर उडी मारली की चूक ठरलेलीच.

ग्रीक शिकायचा प्रयत्न त्याने केला होता. दक्षिण इटलीतल्या कालाब्रियाचा भिक्षू बार्लाम १३४२ च्या सुमारास अविन्योंला होता आणि त्याच्याकडे पेट्रार्कचे धडे सुरू झाले. त्याच वर्षी बार्लाम जेराचेचा बिशप झाला आणि निघून गेला. त्या नेमणुकीसाठी खटपट करणाऱ्यांत खुद्द पेट्रार्क होता, ही गोष्ट मला फार लागते. ‘सेक्रेटम’ या त्याच्या ग्रंथात तो स्वतः (‘फ्रांचेस्को’) आणि कित्येक शतकं आधीचा संत ऑगस्टीन यांचा काल्पनिक संवाद आहे. त्यात ऑगस्टीन त्याला आठवण करून देतो की तू मध्यंतरी प्लेटोच्या पुस्तकांत गढून गेला होतास. फ्रांचेस्को उत्तर देतो की मोठ्या आशेने सुरुवात केली होती खरी, पण परक्या भाषेचं नवखेपण आणि गुरूचं अचानक जाणं यांनी तो बेत तोडून टाकला. पुढे बायझंटिन मुत्सद्दी निकोलाओस सिगेरोस याने त्याला होमरची ग्रीक प्रत पाठवली, तेव्हा १३५४ च्या आभारपत्रात तो लिहितो की तुमचा होमर माझ्यापाशी मुका आहे, किंवा मीच त्याच्यापाशी बहिरा आहे. तरी नुसत्या दर्शनाने आनंद होतो आणि मी त्याला कितीदा कवटाळतो. होमरचं गाऱ्हाणं निदान काही अंशी मिटलं, कारण लिओन्तियस पिलातसने पुढे त्याचा लॅटिन अनुवाद केला. ग्रीक प्लेटो मात्र त्याच्यापाशी मुकाच राहिला.

आता मधल्या हातांकडे. चार नावं महत्त्वाची: सिसेरो, रोमन तत्त्वज्ञ सेनेका, उत्तरकालीन रोमन लेखक मॅक्रोबियस आणि ऑगस्टीन. प्रत्येकाकडून प्लेटोचा वेगळा भाग येतो, म्हणून त्यांची सरमिसळ करू नये.

सिसेरोकडून आत्म्याचं अमरत्व येतं. ‘टस्क्युलन संवादां’च्या पहिल्या भागात ‘फीडो’चा सारांश आहे आणि सॉक्रेटीसच्या अखेरच्या भाषणाचा अनुवादही. शिवाय एक गोष्ट सहसा सुटते. ‘फीड्रस’ या संवादातला २४५क-पासूनचा उतारा, म्हणजे जे स्वतःच स्वतःला हलवतं ते कधी संपत नाही हा युक्तिवाद, सिसेरोने जवळजवळ जसाच्या तसा लॅटिनमध्ये आणला आहे. एकदा ‘स्किपिओच्या स्वप्ना’च्या शेवटी आणि पुन्हा ‘टस्क्युलन’मध्ये. म्हणजे ‘फीड्रस’ पेट्रार्कला ठाऊक नव्हता असं सरसकट म्हणणंही चूक. एवढा एक परिच्छेद त्याला ठाऊक होता, बाकीचा संवाद नाही; रथ, दोन घोडे आणि पंख फुटणारा आत्मा त्या उताऱ्यात येत नाहीत.

सेनेकाची ५८ आणि ६५ ही पत्रं प्लेटोच्या ‘आयडिया’ची, म्हणजे वस्तू ज्याच्यावरून घडतात त्या शाश्वत मूळ रूपाची, सोपी ओळख करून देतात. पासष्टाव्या पत्रात अरिस्टॉटलच्या चार कारणांना प्लेटोने पाचवं जोडलं असं सांगितलं आहे: कारागीर ज्याच्याकडे पाहून घडवतो तो आदर्श नमुना. मॅक्रोबियसचं ‘स्किपिओच्या स्वप्ना’वरचं भाष्य प्लेटोपंथी प्लॉटिनसच्या सद्गुणांच्या चार पायऱ्या देतं आणि एकांतजीवनावरच्या आपल्या ग्रंथात पेट्रार्क त्या वापरतो. ऑगस्टीनबद्दल पुढे सविस्तर, कारण सगळ्यांत जास्त वजन त्याचं आहे.

स्रोत ओळखायची सगळ्यांत भरवशाची खूण म्हणजे शब्द. कल्पना हजार वाटांनी येते, शब्दयोजना मात्र बहुधा एकाच घरची असते. तत्त्वज्ञाचं सारं जीवन म्हणजे मरणाचा अभ्यास, हा ‘फीडो’तला (६४अ आणि ६७इ) विचार पेट्रार्कच्या लेखनात पुन्हापुन्हा येतो. सिसेरो त्यासाठी ‘कोमेंतातिओ मोर्तिस’ म्हणतो. संत जेरोम आपल्या साठाव्या पत्रात तोच विचार प्लेटोच्या नावावर देताना ‘मेदितातिओ’ हा शब्द वापरतो. म्हणून लॅटिन मजकूर समोर ठेवून पाहायचं की पेट्रार्क त्या जागी काय लिहितो. नुसत्या इंग्रजी किंवा इटालियन अनुवादावर काम करणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण अनुवादात दोन्हींना एकच प्रतिशब्द मिळतो आणि माग पुसला जातो.

दुसरी खबरदारी. पेट्रार्क ‘प्लेटो म्हणतो’ असं लिहितो तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘सिसेरोने किंवा ऑगस्टीनने सांगितलं की प्लेटो म्हणतो’ एवढाच असतो. यात लबाडी नाही. मधल्या लेखकाचं नाव न घेता मूळ लेखकाचं घेणं ही तेव्हाची सर्वमान्य रीत होती.

याचं उत्तम उदाहरण ‘सेक्रेटम’मध्येच आहे. दुसऱ्या भागात ऑगस्टीन विचारतो की प्लेटोची दिव्य शिकवण दुसरं काय बजावते? मनाला देहाच्या वासनांपासून दूर ठेवावं, आभासचित्रं खरवडून काढावीत, म्हणजे मन शुद्ध आणि मोकळं होऊन ईश्वरी रहस्यं पाहायला वर उठेल. वाचणाऱ्याला वाटतं हा ‘फीडो’. पण ही वासना आणि आभासचित्रांची जोडी ऑगस्टीनच्या ‘खऱ्या धर्माविषयी’ या छोट्या ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणातली आहे. तिथे प्लेटोच्या तोंडून हेच वदवलं आहे की सत्य देहाच्या डोळ्यांनी दिसत नाही, शुद्ध मनाने दिसतं, आणि वासना व इंद्रियांनी उमटवलेल्या खोट्या प्रतिमा त्याच्या आड येतात. या ग्रंथाची पेट्रार्कची प्रत पॅरिसलाच लॅटिन २२०१ मध्ये आहे. तिच्यावर त्याच्या टिपा आहेत आणि त्याच हस्तलिखितात त्याने आपल्या आवडत्या पुस्तकांची प्रसिद्ध यादीही लिहून ठेवली आहे. पुस्तक, टीप, उमटलेला विचार: तिन्ही पायऱ्या इथे जुळतात. इतकी स्वच्छ साखळी क्वचित मिळते. म्हणून या विषयात नव्याने शिरणाऱ्याने पहिला सराव याच उताऱ्यावर करावा.

पहिल्या भागाच्या अखेरीला ऑगस्टीन व्हर्जिलच्या ‘इनीड’च्या सहाव्या सर्गातल्या ओळीही आणतो: देहाच्या संसर्गामुळे आत्म्यांना भय, इच्छा, दुःख आणि हर्ष जडतात. म्हणजे प्लेटोचा विचार रोमन कवीच्या ओळींतून येतो, त्याला खुलासा ख्रिस्ती संताचा मिळतो आणि तो लिहितो चौदाव्या शतकातला इटालियन. एका परिच्छेदात चार थर. कोणता थर कुणाचा हे सुटं करणं हेच इथलं खरं काम, आणि त्याला घाई चालत नाही.

आता कविता. ‘कांझोनिएरे’ या त्याच्या इटालियन कवितासंग्रहात ३६६ रचना आहेत आणि त्यांतली उघड प्लेटोची म्हणता येईल अशी १५९ वी. स्वर्गाच्या कोणत्या भागात, कोणत्या ‘आयडिया’त होता तो नमुना, जिच्यावरून निसर्गाने हा सुंदर चेहरा उचलला आणि वर आपलं सामर्थ्य किती आहे ते इथे खाली दाखवलं, असा तिचा आरंभ आहे. इथे ‘आयडिया’ आणि ‘नमुना’ हे दोन्ही शब्द शेजारी आहेत आणि निसर्ग कारागिराच्या भूमिकेत आहे. हे सगळं साहित्य कॅल्सिडियसच्या ‘टिमेयस’मध्ये आणि सेनेकाच्या पासष्टाव्या पत्रात हाताशी होतं, ‘सिंपोझियम’ची गरजच पडत नाही. ७७ व्या रचनेत चित्रकार सिमोने मार्तिनीने लाउराचं, म्हणजे या कवितांमधल्या प्रेयसीचं, चित्र काढलं त्याचं कौतुक आहे. तो नक्कीच स्वर्गात जाऊन तिला पाहून आला असणार, कारण इथे देह आत्म्यावर पडदा टाकतो, अशी कल्पना. सिसेरोच्या ‘वक्ता’ या ग्रंथाच्या सुरुवातीला ग्रीक शिल्पकार फिडियस मूर्ती घडवताना समोरच्या माणसाकडे न पाहता मनातल्या सौंदर्याच्या प्रतिमेकडे पाहतो, असा उतारा आहे आणि तिथे प्लेटोचं नावही घेतलं आहे. ७७ वी वाचताना तो शेजारी उघडा ठेवावा.

इथेच सगळ्यांत मोठी आणि चिवट चूक होते. लाउरावरचं प्रेम म्हणजे प्लेटोच्या प्रेमाची शिडी: एका देहाच्या सौंदर्यापासून चढत चढत परमसौंदर्यापर्यंत. ही शिडी ‘सिंपोझियम’मध्ये (२१०–२१२) डायोटिमा ही विदुषी सांगते. युरोपभर तिचा बोलबाला झाला फिचिनोच्या १४६९ च्या भाष्यामुळे, म्हणजे पेट्रार्क जाऊन ९५ वर्षं झाल्यावर. पुढे इटालियन लेखक पिएत्रो बेम्बोने १५०१ मध्ये व्हेनिसच्या आल्दुस मानुतियसच्या छापखान्यातून पेट्रार्कची आवृत्ती काढली आणि १५०५ मध्ये त्याचे स्वतःचे प्रेमावरचे संवाद प्रसिद्ध झाले. सोळाव्या शतकातल्या वाचकाने पेट्रार्क वाचला तो बेम्बोच्या चष्म्यातून, आणि तो चष्मा आपणही अजून पुरता उतरवलेला नाही.

पेट्रार्कने स्वतः काय लिहिलं आहे? ‘सेक्रेटम’च्या तिसऱ्या भागात फ्रांचेस्को जवळजवळ शिडीसारखाच बचाव करतो: तिच्यावरच्या प्रेमामुळेच मी ईश्वरावर प्रेम करू लागलो. ऑगस्टीन तिथल्या तिथे तोडतो की हाच तर क्रम उलटा झाला. सृष्टीवर प्रेम करायचं ते निर्मात्याच्या प्रेमापोटी. तू सृष्टीच्या मोहात अडकलास आणि निर्मात्याची वाहवा केलीस ती जणू त्याने याहून सुंदर काही घडवलंच नाही म्हणून. देहाचं रूप तर सौंदर्यांत सगळ्यांत खालचं. म्हणजे ज्या वाटेला आपण सवयीने ‘प्लेटोची’ म्हणतो ती इथे मांडली जाते आणि फेटाळली जाते, आणि फेटाळणारा ऑगस्टीन हा प्लेटोपंथीयांचा सगळ्यांत मोठा ख्रिस्ती वाचक. माझ्या मते पेट्रार्कच्या कवितेतला ताण इथून येतो. त्याला शिडी हवी आहे आणि ती भक्कम आहे यावर त्याचा विश्वास नाही. शिडी गृहीत धरून ‘कांझोनिएरे’ वाचलं तर हा ताणच नाहीसा होतो आणि उरते फक्त गोड, एकसुरी भक्ती.

‘सेक्रेटम’च्या बाबतीत एक व्यावहारिक सूचना. संवाद घडतो असं दाखवलं आहे ते १३४२–४३ च्या सुमारास, पण ग्रंथाचं लेखन आणि फेरलेखन १३४७ ते १३५३ या काळात झालं, असं आज बहुतेक अभ्यासक धरतात. त्यामुळे त्यातल्या वाक्यावरून ‘१३४२ मध्ये पेट्रार्कला हे ठाऊक होतं’ असा निष्कर्ष काढू नये.

उतारवयातला प्लेटो निराळ्या कामासाठी येतो. व्हेनिसमधल्या चार तरुण मित्रांनी निकाल दिला की पेट्रार्क माणूस भला, पण अडाणी. ही अरिस्टॉटलला मानणारी मंडळी: एक सैनिक, एक व्यापारी, एक सरदार, एक वैद्य. त्याला उत्तर म्हणून पेट्रार्कने १३६७ मध्ये पो नदीवरच्या प्रवासात ‘स्वतःच्या आणि इतर अनेकांच्या अज्ञानाविषयी’ हा ग्रंथ लिहायला घेतला. सोळा ग्रंथांचा उल्लेख यातलाच. प्लेटोने एखाददुसरंच पुस्तक लिहिलं असं म्हणणाऱ्यांना तो सांगतो की माझ्या घरी येऊन पाहा, ग्रीक आहेत आणि काही लॅटिनमध्ये आणलेलेही आहेत. अरिस्टॉटलची स्तुती करणारे संख्येने जास्त, प्लेटोची करणारे योग्यतेने मोठे, असंही तो बजावतो. आणि ते मोठे म्हणजे अर्थातच सिसेरो आणि ऑगस्टीन.

या ग्रंथातला खरा मुद्दा मात्र वेगळा आहे. अरिस्टॉटल सद्गुण म्हणजे काय ते नेमकं शिकवतो, पण त्याचं वाचून मनाला सद्गुणाची ओढ लागत नाही. डंख मारणारे, पेटवणारे शब्द त्याच्याकडे नाहीत. सत्य जाणण्यापेक्षा भलं इच्छिणं बरं, असं पेट्रार्क म्हणतो. प्लेटोला तो या बाजूला उभा करतो, आणि ते त्याला करता आलं याचं कारण त्याच्या हाती आलेला प्लेटोच तसा होता: वक्तृत्वाने भारलेल्या सिसेरोने आणि कबुलीजबाब लिहिणाऱ्या ऑगस्टीनने निवडून दिलेला. ‘पार्मेनिडीस’चे कोरडे, काटेकोर युक्तिवाद त्याने स्वतः वाचले असते, प्लेटोच्याच ‘लॉज’मधली कलमं वाचली असती, तर ही मांडणी इतक्या सहज जमली असती असं मला वाटत नाही.

‘कीर्तीचा विजय’ या काव्यात हीच पसंती त्याने इटालियनमध्ये दोन-तीन ओळींत सांगितली आहे. डावीकडे वळतो तर प्लेटो दिसतो: त्या रांगेत लक्ष्याच्या सगळ्यांत जवळ गेलेला, जिथे ईश्वराने दिलं तेच पोचतात. नंतर अरिस्टॉटल. दान्तेच्या ‘नरका’तल्या चौथ्या सर्गात जाणत्यांचा गुरू म्हणून अरिस्टॉटल बसलेला आहे आणि सॉक्रेटीस व प्लेटो त्याच्या सगळ्यांत जवळ उभे आहेत. ‘सगळ्यांत जवळ’ हे दान्तेचेच शब्द पेट्रार्क घेतो आणि जवळीक कशाशी, ते बदलून टाकतो. त्याला ऑगस्टीनचा आधार आहे: ‘ईश्वराचं नगर’च्या आठव्या भागात तो प्लेटोपंथीयांबद्दल म्हणतो की आमच्या इतक्या जवळ दुसरं कोणी आलेलं नाही.

वाचायला बसणाऱ्याने क्रम असा ठेवावा. ‘टस्क्युलन संवादां’चा पहिला भाग, मग सेनेकाचं पासष्टावं पत्र, मग ‘खऱ्या धर्माविषयी’ची पहिली पाच-सहा प्रकरणं. त्यानंतर ‘सेक्रेटम’चे तिन्ही भाग सलग, आणि शेवटी ‘कांझोनिएरे’तल्या ७७, ७८ आणि १५९ या रचना. ‘फीडो’ हवा असेल तर सगळ्यांच्या मागून वाचावा, आणि आपल्याला त्यात जे नवं सापडतं त्यातलं किती पेट्रार्ककडे आधीच पोचलं होतं ते टिपत जावं. ‘सिंपोझियम’ या यादीत मुद्दामच घेतलेलं नाही. ते फिचिनो आणि बेम्बो यांच्याकडे वळताना हाती घ्यावं.